धाप लागते? ‘वय झालं’ म्हणू नका

बीपी, शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल. घरातल्या मोठ्या माणसांच्या दुखण्यांची ही नावं आपल्याला पाठ असतात. कुणाची कुठली गोळी कधी संपते हेही ठाऊक असतं, कारण मेडिकलमधून ती आणायचं काम बहुतेक वेळा आपल्याकडेच येतं. पण ‘सीओपीडी’ हे नाव किती घरांत ऐकू येतं? गेल्या आठवड्यात मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सहज विचारून बघितलं. एक जण म्हणाला, ‘‘ही कुठली एन्ट्रन्स?’’ दुसरी म्हणाली, ‘‘तुला पीसीओडी म्हणायचंय का?’’ आम्ही सगळे हसलो. त्या टेबलावर बसलेल्या सात जणांपैकी चौघांच्या घरात मात्र जिना चढताना दोनदा थांबणारं कुणी ना कुणी होतं. आजोबा, आत्या, मामी, शेजारच्या काकू. आणि त्या थांबण्याला सगळ्यांकडे एकच उत्तर होतं : वय झालंय ना आता.

सीओपीडी म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. साध्या मराठीत सांगायचं तर श्वासनलिका अरुंद करत नेणारा, हळूहळू वाढणारा, फुफ्फुसांचा कायमचा आजार. नाव कुणाला माहीत नसलं, तरी आजार अजिबात किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात साधारण ३५ लाख माणसं या आजाराने गेली. भारतातल्या सगळ्या राज्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये एक अहवाल छापून आला होता. त्यात म्हटलं होतं की, १९९० मध्ये देशात सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ पर्यंत ५ कोटी ५३ लाख झाले. कोविडच्या आधीच्या वर्षांत आपल्या देशातल्या मृत्यूंच्या कारणांमध्ये हृदयविकाराच्या खालोखाल हाच आजार होता.

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार हा जागतिक सीओपीडी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी काही हॉस्पिटलांमध्ये शिबिरं होतात, पोस्टर लागतात, दुसऱ्या दिवशी उतरतात. तरुणांच्या पानावर या ‘म्हाताऱ्यांच्या’ आजाराचं काय काम, असं वाटू शकतं. काम आहे, आणि दोन कारणांनी आहे. एक, घरातल्या माणसाला तपासणीपर्यंत नेणारे आपणच असतो. दुसरं कारण आपल्या स्वतःच्या छातीत आहे. त्याकडे शेवटी येऊ.

श्वास आत जातो, बाहेर येत नाही

आधी आजार नेमका काय करतो ते बघू. नाकातून घेतलेली हवा मोठ्या नळीतून लहान नळ्यांत आणि तिथून कोट्यवधी बारीक बारीक हवेच्या पिशव्यांत जाते. या पिशव्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो. या सगळ्या रचनेला एक लवचीकपणा असतो. फुगवलेला फुगा सोडला की जसा आपोआप आकसतो, तशी फुफ्फुसं आकसतात आणि हवा बाहेर टाकतात.

वर्षानुवर्षं धूर आणि बारीक धूळ आत जात राहिली की दोन गोष्टी होतात. नळ्यांना आतून सूज येते, कफ साठतो, वाट अरुंद होते. शिवाय पिशव्यांच्या भिंती तुटतात आणि फुफ्फुसं धुऊन धुऊन सैल झालेल्या इलास्टिकसारखी होतात. मग हवा आत तर जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. शिळी हवा आतच अडकून राहते, त्यामुळे नव्या हवेला जागा उरत नाही. धाप लागते ती यामुळे.

हे समजून घ्यायचा एक सोपा मार्ग आहे. दमा किंवा हृदयाचा त्रास नसेल तर करून बघा. कोल्डड्रिंकची बारीक स्ट्रॉ तोंडात धरा, नाक चिमटीत पकडा आणि फक्त स्ट्रॉमधून श्वास घ्या-सोडा. अर्ध्या मिनिटात कसंतरी व्हायला लागेल. तसं वाटलं की लगेच थांबा. आपल्याला स्ट्रॉ काढून ठेवता येते. या रुग्णांची स्ट्रॉ कधीच निघत नाही. ते ती घेऊनच आंघोळ करतात, बाजारात जातात, रात्री कूस बदलतात.

यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे आजाराचा वेग. हार्ट अटॅकसारखं हे एका दुपारी घडत नाही. आधी सकाळचा खोकला असतो, थोडा कफ असतो. मग चढण जड जाते. मग सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसाच्या मागे पडायला होतं. आणि माणूस हुशार असतो, तो आपलं जगणं त्याप्रमाणे बेतून घेतो. वरच्या मजल्यावर जाणं बंद करतो, लग्नाला जाणं टाळतो, भाजी जवळच्याच गाडीवरून घेतो. घरच्यांना वाटतं, ‘आता फारसं बाहेर पडत नाहीत, आराम करतात.’ डॉक्टरकडे जाईपर्यंत फुफ्फुसांची बरीच ताकद गेलेली असते. आणि गेलेली ताकद परत येत नाही.

‘आमच्या घरात कुणी बिडी ओढत नाही’

या आजाराचं चित्र काढायला सांगितलं तर बहुतेक जण बिडी ओढणारे आजोबा काढतील. ते चित्र खोटं नाही. तंबाखूचा धूर हे मोठं कारण आहेच. पण आपल्याकडे तेवढ्यावर थांबलं तर अर्ध्याहून जास्त कारण चित्राबाहेर राहतं. त्याच २०१८ च्या अहवालात भारतातल्या सीओपीडीच्या भाराची विभागणी दिली होती. त्यात हवेच्या प्रदूषणाचा वाटा ५३.७ टक्के, तंबाखूचा २५.४ टक्के आणि कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा १६.५ टक्के होता. हवेचं प्रदूषण म्हणजे फक्त रस्त्यावरची गाड्यांची वर्दळ असं समजू नका. घराच्या आत चुलीतून निघणारा धूरही त्यातच मोजला जातो.

ही गोष्ट जगासमोर ठळकपणे मांडण्यात पुण्याचाही हात आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कधीच धूम्रपान न केलेल्या माणसांच्या सीओपीडीवर लेख लिहिला होता. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते : श्रीमंत देशांत सीओपीडीचे ७० टक्क्यांहून जास्त रुग्ण धूम्रपानामुळे होतात, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० ते ४० टक्के आहे.

म्हणजे ही उरलेली माणसं कोण? त्यातल्या बऱ्याच जणी आपल्याच आज्या आणि काकू आहेत.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या आज्जीने चाळीस-बेचाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. जळणाला पऱ्हाट्या, तुराट्या, पावसाळ्यात गोवऱ्या. ओलं जळण पेटत नसलं की फुंकणी घेऊन ती चुलीशी वाकायची आणि पहिला धूर तिच्याच तोंडावर यायचा. स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही धान्याच्या कणग्यांमागे. दिवसाचे तीन तास धरले तरी चाळीस वर्षांत जवळजवळ ४४ हजार तास होतात. तिने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. गेली आठ-दहा वर्षं ती खोकत होती आणि गावातले डॉक्टर तिला खोकल्याचं औषध आणि ‘दम्याच्या गोळ्या’ देत होते. थंडीत जास्त झालं की एक इंजेक्शन. तिला सीओपीडी आहे हे गेल्या वर्षी शहरात तपासणी केल्यावर कळलं. ते ऐकून तिचा पहिला प्रश्न होता, ‘‘अगं, हे तर बिड्या ओढणाऱ्या गड्यांना होतं ना?’’

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियामध्ये सुरू झाली आणि आजवर १० कोटींहून जास्त घरांत गॅस कनेक्शन पोहोचलं. ही मोठी गोष्ट आहे. पण कनेक्शन असणं आणि रोज गॅसवर स्वयंपाक होणं यात फरक आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं देशभरात ५८.६ टक्के निघाली, गावांत तर ४३.२ टक्केच. सिलिंडर परवडत नाही, भरलेला सिलिंडर गावापर्यंत वेळेवर येत नाही, आणि शेतातलं जळण फुकट असतं. म्हणून चहा गॅसवर होतो आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, जनावरांचं खाणं चुलीवर. धूर कमी होतो, जात नाही.

आणि इथे आपल्याबद्दलही थोडं बोलायला हवं. हायवेवर ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्या दिसल्या की आपण गाडी थांबवतो. भाकरी थापणाऱ्या मावशींचं रील काढतो, मागे गाणं टाकतो. चव भारी असते, मान्य. पण त्या रीलमध्ये डोळे बारीक करून, पदर नाकाला लावून बसलेल्या मावशी दिवसाचे दहा तास तिथेच असतात. आपल्यासाठी तो वीकेंडचा वास असतो, त्यांच्यासाठी तो रोजचा श्वास असतो. पाटी काढून टाका असं मी म्हणत नाही. चुलीला धुराडं बसवा, वर उंच मोकळं छप्पर ठेवा, बसण्याच्या पाळ्या करा, एवढं तर हॉटेलवाल्याला बिल देताना म्हणता येतं.

फुंकणी ठाऊक, फुंकायचं मशिन ठाऊक नाही

आता तपासणीकडे येऊ, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय.

बीपी बघायला पट्टा असतो. शुगरला बोट टोचतात. फुफ्फुसांसाठी स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते. ही काही नवी हाय-फाय टेक्नॉलॉजी नाही. जॉन हचिन्सन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १८४६ मध्ये लंडनमध्ये दोन हजारांहून जास्त माणसांना आपल्या यंत्रात फुंकायला लावून त्याचे निष्कर्ष मांडले होते. म्हणजे ही कल्पना बीपीच्या पट्ट्यापेक्षाही जुनी आहे.

आज्जीच्या आधी ती तपासणी मी स्वतः करून बघितली, तिला नीट सांगता यावं म्हणून. नाकाला चिमटा लावतात. एक नळी तोंडात घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि मग ‘फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून’ असा टेक्निशियनचा ओरडा चालू असेपर्यंत पूर्ण जोर लावून सोडत राहायचं. हे निदान तीनदा करायचं. मग श्वासनलिका मोकळी करणारं औषध देतात, पंधरा-वीस मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. दुखत नाही, रक्त काढत नाहीत. फक्त दमायला होतं.

मशिन दोन गोष्टी बघतं : एकूण किती हवा बाहेर पडली, आणि त्यातली पहिल्या एका सेकंदात किती पडली. निरोगी तरुण माणूस तीन चतुर्थांशाहून जास्त हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, आणि लक्षणं किंवा धुराशी संबंध असेल, तर डॉक्टर सीओपीडीचं निदान करतात. दम्यात बहुतेक वेळा औषधाने वाट बरीच मोकळी होते. सीओपीडीत ती पूर्ण मोकळी होत नाही. दोन्ही आजारांना सरसकट ‘दमा’ म्हटलं की हा फरक हरवतो. उपचारही मग अंदाजाने चालतात.

काही जण म्हणतील, एक्स-रे काढला की झालं. सुरुवातीच्या सीओपीडीत एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो. काही जण कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर काढतील. पण रक्तातला ऑक्सिजन कमी व्हायला लागतो तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. फुंकल्याशिवाय हा आजार वेळेवर पकडता येत नाही.

मग फुंकायचं कुठे? इथे माझी तक्रार आहे. सरकारी यंत्रणेला हा आजार माहीत नाही असं नाही. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची माहिती आशाताई ज्या फॉर्ममध्ये भरतात, त्यात घरात स्वयंपाकाला कुठलं जळण वापरता हा प्रश्न आहे. लाकूड, पिकाचं जळण, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल, गॅस असे पर्याय आहेत. वीटभट्टीवर काम करता का, कचरा किंवा शेतातलं जळण जाळता का, हेही विचारलेलं आहे. धाप लागते का, हाही प्रश्न आहे. म्हणजे धोका कुणाला आहे ही यादी तयार होते. पण त्या यादीतल्या बाईला पुढे फुंकायला पाठवायचं तर स्पायरोमीटर आणि तो चालवायला शिकलेला माणूस जवळपास हवा. गावातल्या बहुतेकांसाठी तो आजही मोठ्या शहरातच असतो. रोजंदारी बुडवून, एसटीने शंभर किलोमीटर जाऊन, खोकल्यासाठी कोण ‘फुंकायला’ जाईल?

कोविडच्या दीड-दोन वर्षांत ऑक्सिमीटर हा शब्द वाडी-वस्तीपर्यंत पोचला. लोक आकडे पाठ करून एकमेकांना फोनवर सांगत होते. गरज पटली की यंत्र आणि शब्द दोन्ही पोचवता येतात, हे आपण बघितलंय. मग निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक स्पायरोमीटर, आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि प्रशिक्षण घेतलेला एक कर्मचारी, ही मागणी अवास्तव नाही. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना रस्ता आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

‘पंप’ लागला म्हणजे संपलं का?

निदान झाल्यावरचा दुसरा अडथळा आपल्या घरातच असतो. इन्हेलरला आपल्याकडे ‘पंप’ म्हणतात आणि पंप लागला म्हणजे शेवटची पायरी आली, असा समज आहे. ‘त्याची सवय लागते’, ‘आधी गोळीने बघू’, ‘लग्नाच्या मुलीला पंप देऊ नका’, ही वाक्यं मी वेगवेगळ्या घरांत ऐकली आहेत.

हिशोब साधा आहे. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. ती पोटात जाते, तिथून रक्तात, आणि सगळ्या शरीराला फिरून थोडीशी फुफ्फुसात पोचते. तेच औषध इन्हेलरच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असतं. दोन दाब घेतले तरी गोळीच्या विसाव्या भागाइतकं औषध, आणि तेही थेट जिथे हवं तिथे. हात थरथरणं, छातीत धडधडणं कमी. डोळ्यात औषध घालायचं असेल तर आपण गोळी खात नाही, थेंब घालतो. तसंच हे.

अडचण असते ती घेण्याच्या पद्धतीची. श्वास आत ओढणं आणि इन्हेलर दाबणं एकाच वेळी जमलं नाही तर औषध जिभेवर आणि घशातच बसतं. मग ‘पंपाने काही फरक पडत नाही’ अशी तक्रार येते. यावर स्पेसर नावाचा प्लास्टिकचा लांबट डबा मिळतो, तो जोडला की काम सोपं होतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरातल्या माणसाला त्यांच्यासमोरच इन्हेलर घेऊन दाखवायला सांगा. तुम्हीही बघा. स्टेरॉइडचं इन्हेलर असेल तर नंतर चूळ भरायची आठवण करा. हे काम नातवंडांइतकं चांगलं कुणी करत नाही, कारण आजी-आजोबा आपल्यावर चिडत नाहीत.

सीओपीडी पूर्ण बरा होत नाही. पण धूर थांबवला, इन्हेलर नियमित घेतलं, डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेतली, रोज झेपेल तेवढं चाललं, तर माणूस पुष्कळ बरा जगतो. चालल्याने धाप वाढेल म्हणून घरात बसवून ठेवणं उलट नुकसान करतं. पायांचे स्नायू गळाले की थोड्या कामालाही जास्त हवा लागते. ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर मारतात तसा सावकाश श्वास सोडायची सवयही खूप उपयोगी पडते.

आणि आपली छाती?

सुरुवातीला म्हटलं होतं की एक कारण आपल्या छातीत आहे. ते असं. फुफ्फुसांची ताकद जन्मापासून वाढत जाते आणि साधारण २० ते २५ व्या वर्षी शिखरावर पोचते. नंतर ती दरवर्षी थोडी थोडी कमी होते, अगदी निरोगी माणसाचीही. म्हणजे हे पान वाचणाऱ्या बहुतेकांच्या फुफ्फुसांची आजची ताकद ही आयुष्यातली सर्वांत जास्त आहे. हे बँकेतल्या ठेवीसारखं आहे : आता भरणा बंद झालाय, इथून पुढे फक्त काढायचं आहे.

२०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पीटर लांगे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात दिसलं की पुढे सीओपीडी झालेल्या जवळजवळ निम्म्या लोकांची घसरण काही विलक्षण वेगाची नव्हती. त्यांची फुफ्फुसं तरुणपणीच कमी ताकदीची होती. सुरुवातच खालून झाल्यामुळे सामान्य वेगाने उतरूनही ते आजारापर्यंत पोचले. लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया, आईबरोबर चुलीशी घालवलेली वर्षं, घरातल्या माणसाच्या सिगारेटचा धूर, विशीच्या आतच लागलेली स्वतःची सिगारेट, हे सगळं त्या शिखराची उंची कमी करतं. ज्याला आपण म्हातारपणाचा आजार म्हणतो त्याची बरीचशी गोष्ट विशीच्या आतच लिहिली जाते.

म्हणून टपरीवरच्या ‘चाय-सुट्टा’ला ‘एकच तर आहे’ म्हणताना हे माहीत असू द्या. व्हेपचंही तेच. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, तरी कुणाच्या ना कुणाच्या बॅगेत आंब्याच्या आणि मिंटच्या फ्लेव्हरची नळी असतेच. हुक्का ‘पाण्यातून गाळून येतो’ म्हणून निरुपद्रवी, हाही गैरसमजच. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी घातली, पण घरच्या पार्टीत तो येतोच. पाणी धूर थंड करतं, त्यातलं विष काढून घेत नाही.

सिगारेट न ओढणाऱ्यांनी खूश होऊ नये. बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर कॉइल बघा. २००३ च्या एका अभ्यासात दिसलं की एक कॉइल जळताना जेवढे अतिसूक्ष्म धूलिकण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. होस्टेलच्या खोलीत त्यापेक्षा मच्छरदाणी कधीही बरी. दिवाळीतल्या फटाक्यांची पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तपासणी केली होती. त्यात सगळ्यात जास्त सूक्ष्म धूलिकण सोडणारा प्रकार कुठला निघाला? सुतळी बॉम्ब नाही. आपण सगळ्यात ‘सेफ’ समजून लहान मुलांच्या हातात देतो ती सापाची गोळी.

सिगारेट सोडण्याबद्दल एक चांगली बातमीही सांगते. १९७७ मध्ये चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनी लंडनमधल्या पुरुषांच्या फुफ्फुसांवरचा अभ्यास मांडला होता. धूम्रपान सोडलं की गेलेलं परत येत नाही, पण घसरणीचा वेग पुन्हा जवळपास सामान्य होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे विशीत सोडणाऱ्याचा फायदा सगळ्यात मोठा. ‘स्टार ट्रेक’मधला मिस्टर स्पॉक, म्हणजे अभिनेता लिओनार्ड निमॉय, आठवतो का? त्याने सिगारेट सोडून तीस वर्षं झाली होती. तरीही त्याला सीओपीडी झाला आणि २०१५ मध्ये तो त्यातच गेला. शेवटच्या काळात तो चाहत्यांना ट्विटरवरून सांगत राहिला की मी सोडायला उशीर केला, तुम्ही आत्ताच सोडा. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर आहे : १८००-११-२३५६.

या महिन्यात करायची कामं

माझं म्हणणं एवढंच आहे. घरातल्या चाळिशीच्या पुढच्या माणसाकडे नीट बघा. तीन महिन्यांहून जास्त खोकला आहे का? सकाळी कफ पडतो का? बरोबरीच्या माणसाबरोबर सपाट रस्त्यावर चालताना मागे पडतात का? चूल, बिडी-सिगारेट, वीटभट्टी, गिरणी, फाउंड्री, धुळीचं काम किंवा पूर्वी झालेला टीबी यातलं काही आयुष्यात होतं का? दोन उत्तरं ‘हो’ आली तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा, ‘‘यांची स्पायरोमेट्री करायची का?’’ हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही. आणि धाप लागण्यामागे हृदय किंवा रक्त कमी असणं हेही कारण असू शकतं, म्हणून तपासणी डॉक्टरांकडूनच होऊ द्या, गूगलकडून नको.

गावी घर असेल तर सुट्टीत गेल्यावर स्वयंपाकघराची पाहणी करा. खिडकीसमोरची अडगळ हलवा, धुराड्याची सोय करा. मोठं शिक्षण घेऊन, पहिल्या पगारातून आईला साडी आणि बाबांना घड्याळ घेतो ना आपण? वर्षाला दोन-तीन जास्तीच्या सिलिंडरचे पैसे गावी पाठवणं हीही तशीच भेट होऊ शकते. आज्जीने भाकरी आता गॅसवर करायला घेतली आहे. चव तशी नाही येत, असं ती रोज म्हणते. आंघोळीच्या पाण्याची चूल मात्र अजून अंगणात आहे, आणि त्यावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

आपल्या घरात असा एखादा वाद सुरू झाला तर होऊ द्या. ‘वय झालं’ म्हणून गप्प बसण्यापेक्षा तो बरा.